सात नंबरच्या आयर्नला तेल

नांदेडात गोल्फच्या काठ्या दुरुस्त करून पोट भरतं का, असं मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. भरतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं दुकानाच्या पुढच्या भागात नवऱ्याच्या क्रिकेट बॅटींवर आणि शाळांच्या शील्डांवर भरतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे, एक व्हाइस, एक हीटगन, एक जाळी आणि चेंडूमागे ठेवून काठीचा वेग मोजायचं लहान रडार. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात हे काम करणारी दुसरी व्यक्ती मला तरी माहीत नाही. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये आठ वर्षं शिकले, लग्नानंतर इथे आले, आणि सामान सोबत आणलं. सासरच्यांना वाटलं रुखवत आहे.

गिऱ्हाईक कोण, हाही प्रश्न असतोच. बदलीवर आलेले अधिकारी, लातूरचे डॉक्टर, निवृत्त फौजी, अमेरिकेतल्या मुलांकडून शिकून आलेले आईबाप. लातूरच्या बाहेर मल्लिकार्जुन अप्पांचं मैदान आहे. अप्पा मूळचे उदगीरकडचे, डाळमिलवाले. मिलच्या मागची पडीक जमीन त्यांनी सपाट केली, झेंडे रोवले, चुन्याचे गोल आखले, पत्र्याचा मांडव टाकला आणि 'या, मारा' म्हणून पाटी लावली. दर दुसऱ्या शनिवारी मी हत्यारं घेऊन तिथे बसते.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची करते, प्रवासाची करते, आणि शेडच्या भिंतीवर एक यादी कायमची चिकटवलेली आहे: काठी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी काय काय तपासायचं. लांबी, वजन, कोन, डिंक सुकला का, मूठ सरळ बसली का. ही यादी धक्क्यांनी वाढत गेली. पहिला धक्का लातूरच्या एका फिजिशियननी दिला. त्यांच्या आयर्नची नळी वाकली होती. ती त्यांनी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे नेली. त्यानं प्रामाणिकपणे नळीत आठ एमएमची सळई घातली, वेल्डिंग मारलं आणि वरून काळा रंग दिला. डॉक्टर ती काठी घेऊन माझ्याकडे आले ते मनगटाला पट्टा बांधूनच.

"आता शंभर वर्षं काही होत नाही, म्हणाला तो," डॉक्टर म्हणाले.

"काठीला होणार नाही," मी म्हटलं.

दुसरा धक्का मे महिन्यातला. एका वकिलांनी पूर्ण सेट गाडीच्या डिकीत ठेवला आणि गाडी कोर्टासमोर उन्हात. आमच्याकडच्या उन्हात डिकीची भट्टी होते, काठीचं डोकं ज्या डिंकानं चिकटवलेलं असतं तो मऊ पडतो. संध्याकाळी त्यांनी माझ्या शेडमध्ये स्विंग घेतला. काठी हातात राहिली आणि लोखंडी डोकं माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यात घुसलं. ते भोक मी अजून बुजवलेलं नाही. नवीन गिऱ्हाइकाला दाखवते.

आता थोडं कामाबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. नंबर जितका मोठा तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. सात नंबर मधला, म्हणून सगळी मापं मी आधी सातवर घेते. डोकं आणि मूठ यांच्यामधली नळी म्हणजे शाफ्ट. हा शाफ्ट किती लवतो त्याला फ्लेक्स म्हणतात. जाड सोटा आणि वेताची छडी आळीपाळीनं फिरवून बघा. छडीचं टोक आधी मागे राहतं आणि शेवटी झटक्यानं पुढे येतं. सोटा हाताबरोबरच येतो. ज्याचा हात सावकाश फिरतो त्याला छडीचा तो झटका मदत करतो. त्याच माणसाला सोटा दिला तर काठीचं तोंड वेळेवर वळत नाही आणि चेंडू उजवीकडे जातो. उलट, ज्याचा हात मुळातच जोरात फिरतो त्याच्या हातात छडी दिली की टोक घाईनं पुढे येतं आणि चेंडू डावीकडे पळतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यांचं हे गणित, डावखुऱ्यांचं उलटं.

शाफ्टवर छोटी अक्षरं असतात. स्टिफ म्हणजे कडक, रेग्युलर म्हणजे मध्यम, मग सिनिअर, मग लेडीज. खरी गडबड या अक्षरांनी केली आहे. एका कंपनीचं रेग्युलर दुसरीच्या स्टिफएवढं कडक असू शकतं. पण माणूस शाफ्ट वाकवून बघत नाही, अक्षर वाचतो. आणि आमच्याकडच्या पुरुषाला स्टिफच लागतं.

शिंदे साहेब त्यातले. एका सरकारी खात्यात अधिकारी, पन्नाशीच्या आतले, हसतमुख, बोलायला मोकळे. त्यांचा स्विंग मी मोजला, तो सावकाश होता आणि छान होता. म्हटलं, "साहेब, तुम्हाला रेग्युलर."

"ताई, रेग्युलर म्हणजे एसटीचं तिकीट आहे का? स्टिफ द्या."

"चेंडू उजवीकडे जाईल."

"मग मी डावीकडे बघून मारीन."

त्यांनी बाहेरून स्टिफचा सेट मागवला आणि खरोखरच डावीकडे बघून मारू लागले. असे पंधरा तरी पुरुष मी नावानिशी सांगू शकते.

त्याच खात्यात कांचन मॅडम बदलून आल्या. शेचाळीस वर्षांच्या, मूळ हिमायतनगरच्या. पावसाळ्यात एका दुपारी त्या पिशवी घेऊन शेडमध्ये आल्या आणि खुर्चीवर न बसता म्हणाल्या, "ताई, माझे सगळे चेंडू डावीकडे जातात. ऑफिसात म्हणतात, बाईला सरळ मारता येत नाही. मला बघायचंय, बाईचा दोष आहे की काठीचा."

पिशवीत लेडीजचा सेट होता. त्यांच्या मोठ्या साहेबांनी आपल्या पत्नीचा जुना सेट मोठ्या मनानं दिला होता. आधीच्या बदलीच्या गावी खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात मैदान होतं, तिथे त्या तीन वर्षं रोज पहाटे शिकल्या होत्या. मी मापं घेतली: उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, बोटांची लांबी. उंची मध्यम, अंगानं सडपातळ. मनातल्या मनात मीही लेडीजच लिहून टाकलं होतं. मग त्यांना जाळीसमोर उभं केलं आणि रडार लावलं.

त्यांनी सात नंबर फिरवला. आकडा बघून मी रडार बंद केलं आणि परत चालू केलं. पुन्हा तोच आकडा. नवऱ्याला पुढून हाक मारली, "अहो, दोन चेंडू मारा जरा." त्याचा आकडा नेहमीचा आला. म्हणजे मशीन ठीक होतं. मग मॅडमनी तिसऱ्यांदा मारला, आणि आकडा आणखी वर गेला. शिंदे साहेबांपेक्षा कितीतरी वर. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये एवढ्या वेगानं सात नंबर फिरवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली असतील, आणि ते सगळे पुरुष.

"मॅडम, तुम्ही आधी काय खेळत होता?"

"थाळीफेक. विद्यापीठापर्यंत."

थाळीफेक म्हणजे कमरेतून गरकन वळणं, आणि हात सगळ्यात शेवटी. गोल्फचा स्विंग वेगळा काय असतो? या बाईच्या हातात आम्ही सगळ्यांनी वेताची छडी दिली होती आणि चेंडू डावीकडे जातो म्हणून तिला हसत होतो.

त्या दिवशी चहा झाला. सासूबाई शेडमध्येच शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या सासूबाई हदगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वय झालं तरी दुकानाची मालकी त्यांच्याकडेच आहे, असं त्या मानतात आणि आम्हीही. मॅडमनी खुर्ची सोडून त्यांच्याजवळ खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि बोलता बोलता सांगितलं. कॉलेजात असताना राज्य पातळीवर निवड झाली होती. त्याच आठवड्यात आजी वारली, वडील एकटे पडले, गेल्या नाहीत. पुढे नोकरी. "आता खात्याच्या पुण्याच्या क्रीडा स्पर्धेत पहिल्यांदाच गोल्फ आहे. आमच्या विभागातून दोघं. एक मोठे साहेब. दुसरी जागा शिंदे साहेबांची की माझी, ते दसऱ्यानंतरच्या रविवारी लातूरला ठरणार."

"मिळंल की," सासूबाई म्हणाल्या.

"मिळंल असं नको आजी. मला नोकरी लागली तेव्हा लोक म्हणाले, कोट्यातनं. बढती झाली तेव्हा म्हणाले, कोणाच्या तरी मर्जीतनं. थाळी फेकल्यावर टेप लावून मोजत होते. तेवढ्याच एका गोष्टीवर कोणी काही बोललं नाही. मला परत तसं एकदा पाहिजे."

सासूबाईंनी त्यांच्या पदरात मूठभर शेंगा टाकल्या. "खा," म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठा मान मी पाहिलेला नाही.

मी सेट बांधायला घेतला. डोकी त्यांचीच ठेवली, चांगली होती. सातच्या तळाला पट्टी चिकटवून प्लायवूडच्या फळीवरून मारायला लावलं. पट्टीवर घासल्याची खूण मध्यभागी यायला हवी, त्यांची टाचेकडे येत होती. कोन वाकवला. शाफ्टसाठी मुंबई-पुण्याला फोन केले, चार नमुने मागवले, चारही त्यांच्याकडून मारून घेतले. चौथ्याला चेंडू जाळीच्या बरोबर मधल्या चौकोनात गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला. मॅडमनी काठी खाली ठेवली आणि हात पुसले. त्या शाफ्टवर कोणतं अक्षर होतं ते मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. असं गिऱ्हाईक क्वचितच मिळतं.

नवमीच्या आदल्या दिवशी सेट पूर्ण झाला. भिंतीवरची यादी वाचत प्रत्येक काठी तपासली, पिशवीत भरली, पिशवीला मॅडमचं नाव लावलं. मॅडम दसऱ्याला नागपूरला जाणार होत्या, दीक्षाभूमीवर, दरवर्षी जातात. तिथून परस्पर लातूर. रविवारी सकाळी मी पिशवी मैदानावर पोचवायची, तासभर आधी सराव, मग निवड, असं ठरलं. मी स्वतः नवमी आणि दसऱ्याला माहेरी, भोकरला गेले. दुकानातली खंडेनवमीची पूजा नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे. जाताना बजावलं, "आई, रडारवर हळदकुंकू नको. मशीनवर नारळ फोडायचा नाही."

"येडी हाय का मी?" सासूबाई म्हणाल्या. आणि हे खरंच, त्यांनी रडारला हात लावला नाही.

रविवारी पहाटेच गाडी काढली. दुकानात अजून झेंडूचा आणि उदबत्तीचा वास भरून होता. त्या वासात पिशवी उचलली आणि निघाले. लातूरला पोचले तर मॅडमची बस वाटेत अडकलेली. सराव राहिला बाजूला, त्या मैदानावर आल्या तेव्हा मोठे साहेब घड्याळ बघत उभे होते.

नियम सोपा होता. दूर झेंड्याभोवती अप्पांनी चुन्याचा मोठा गोल आखला होता. प्रत्येकानं सात नंबरनं दहा चेंडू मारायचे, ज्याचे जास्त गोलात तो पुण्याला. अप्पा मांडवात चहा पीत बसले होते. ऑफिसची पाच-सहा माणसं खुर्च्यांवर. आधी मॅडम, असं चिठ्ठी टाकून ठरलं.

मॅडमनी पिशवीतून सात नंबर काढला. त्याच्याबरोबर झेंडूची एक पाकळी बाहेर पडली. त्यांनी ती पाहिली, मीही पाहिली, आणि माझं डोकं चाललं नाही. एवढी यादी करणारी बाई मी, मला त्या पाकळीचा अर्थ लागला नाही. त्या उभ्या राहिल्या, वळल्या, तो सुंदर थाळीफेकीचा वळसा, आणि काठी हातातून सुटली.

सुटली म्हणजे निसटून पडली नाही. ती फेकल्यासारखी गेली. गरगर फिरत मांडवाच्या दिशेनं आली, लोखंडी खांबावर आपटली आणि अप्पांच्या बाकाखाली शिरली. अप्पांच्या हातातला कप तसाच, चहा मात्र धोतरावर. चेंडू जिथे होता तिथेच.

मग कोणीतरी हसलं. "बाईच्या हातात टिकंना की वो!"

"मॅडम, असं कसं," मोठे साहेब जवळ येत म्हणाले. "कोणाचा जीव गेला असता. सेफ्टीचा प्रश्न आहे. मला वाटतं आपण इथंच थांबू."

मी मांडवाकडे धावले, बाकाखालून काठी ओढली आणि मूठ धरली. ती माझ्याही हातातून सरकली. नाकाजवळ नेली. करडईचं तेल आणि हळद. डोक्याच्या खाचेत कुंकवाचं बोट. मी पिशवी उलटी केली, एकेक काठी हातात घेतली. सगळ्यांना तेल. रबराच्या मुठी तेल पिऊन चकचकीत, नव्या कोऱ्या दिसत होत्या. विळा, कोयता, कुऱ्हाड, प्रत्येक हत्याराची मूठ नवमीला तेलानं पुसायची असते, नाहीतर लाकूड तडकतं. हदगावच्या शेतकऱ्याच्या लेकीला हे कोणी शिकवावं लागत नाही.

मी मॅडमकडे पाहिलं. तेलाचा धक्का एक, आणि त्यावर दुसरा: त्या नागपूरहून येतायत, पूजाअर्चा त्यांच्या घरात नाही, आणि त्यांच्या काठीवर न विचारता माझ्या घरचं कुंकू.

"मॅडम, मी..."

त्यांनी आपला तळवा हुंगला. "पूजेचं मागून बोलू, ताई. आधी तेल काढा."

"ही काठी पूर्ण पुसायला, मूठ बदलायला दोन तास..."

"दोन तास नाहीत," मोठे साहेब म्हणाले. "आणि हा चेंडू मोजावा लागेल, मॅडम. स्विंग झाला."

"मोजा," मॅडम म्हणाल्या.

तोवर अप्पा उठले होते. धोतर झटकत सरळ साहेबांसमोर आले. "साहेब, काठी माज्या अंगावर आली. घाबरायचं तर मी घाबरतो, तुम्ही कशाला? मैदान माजं हाय. आधी शिंदे साहेब मारतेत. तवर बाई हात धुतेत." मग माझ्याकडे वळून: "अक्का, डाळमिलवाल्याच्या दारात उभं राहून तेल काढायला दोन तास म्हणतेस? दिवाळीच्या आंघोळीला अंगाचं तेल कशानं काढतीस?"

बेसन! अप्पांनी मिलमधून परातभर बेसन आणवलं आणि चहावाल्याकडून उकळतं पाणी. मी मांडवात मांडी घालून बसले, कोरडं बेसन मुठीवर चोळलं. त्याचे तेलकट गोळे होऊन खाली पडायला लागले. झटकलं, पुन्हा चोळलं, मग गरम पाणी, मग कोरडं फडकं. शेजारी मॅडम तळहातांना बेसन लावून चोळत होत्या, लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवरीसारख्या. असं वर्कशॉपमध्ये कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी सांगितलं असतं तर मी त्याला शेडमधून हाकललं असतं.

समोर शिंदे साहेब डावीकडे बघून मारत होते. पहिले तीन गोलात गेले. मग दमायला लागले. दमलेल्या हाताला कडक शाफ्ट आणखी जड होतो. चेंडू उजवीकडे, अजून उजवीकडे, एक तर मिलच्या भिंतीवर. शेवटचा कसाबसा गोलात शिरला. एकूण चार.

मॅडमच्या हातात मी काठी दिली. मूठ थोडी पिवळी राहिली होती, पण पकडत होती. त्यांनी ती दोनदा घट्ट आवळून पाहिली. राहिले होते नऊ चेंडू, पाच तरी गोलात हवे होते.

पहिला लांब गेला. नवा शाफ्ट, सराव नाही, हात मोकळा. दुसरा गोलात. तिसरा गोलात. चौथा वाऱ्यानं बाहेर. मी परात धरून उभी होते, आणि परात खाली ठेवायची असते हेच विसरले होते. पाचवा गोलात. मग दोन ओळीनं बाहेर. मॅडमचा चेहरा दगडासारखा. आठवा सरळ झेंड्याच्या काठीला लागून जागेवर बसला, आणि मघाशी हसलेला माणूस उठून उभा राहिला. चार झाले. शेवटचा चेंडू उंच गेला, पडला, गडगडत चुन्याच्या रेषेपाशी थांबला.

मोठे साहेब चालत गेले, वाकून पाहिलं. "बाहेर आहे. बरोबरी झाली. मग सिनिऑरिटीनं..."

"टेप आणा," मॅडम म्हणाल्या.

त्या जागेवरून हलल्या नव्हत्या. आवाज चढवला नव्हता. माझ्या एप्रनच्या खिशात टेप कायम असतो. मी बेसनाच्या हातानं तो काढला. झेंड्याकडचं टोक अप्पांनी धरलं. चेंडूकडचं टोक कोणी धरायचं? मी मॅडमची माणूस, साहेब तर आधीच बोलून बसलेले. शिंदे साहेब पुढे आले. "द्या इकडं," म्हणाले. गुडघ्यावर बसले, पँटला काळी माती लागली. गोल आखताना अप्पांनी जी लांबी धरली होती ती आम्हाला सगळ्यांना माहीत होती. शिंदे साहेबांनी टेप ताणला, बघितला, पुन्हा ताणून बघितला. चेंडू जिथे होता तिथे चुना टाकताना अप्पांच्या गड्यानं रेषा त्या मापाच्या आतच ओढली होती.

"आत आहे, साहेब," शिंदे साहेब म्हणाले. "चार बोटं आत आहे."

त्यांना तसं म्हणायची काहीच गरज नव्हती. मी आजही कोणी त्यांच्या स्टिफवर हसलं की हसत नाही.

परतीला मॅडम माझ्या गाडीत होत्या. लोहा गेल्यावर मी सुरुवात केली, "मॅडम, ते पूजेचं. मी माफी मागते. तुम्हाला विचारायला हवं होतं. आईंना सांगायला हवं होतं."

"दुकानात चला," त्या म्हणाल्या. "आजींशी मी बोलते."

सासूबाईंशी आजवर कोणी 'बोललेलं' नाही.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मॅडम समोर जाऊन खाली बसल्या, त्या पावसाळी दुपारी बसल्या होत्या तशाच. "आजी, माझ्या काठ्यांची पूजा केली तुम्ही?"

"केली की."

"मी पूजा मानत नाही, आजी. आमच्यात नाही."

"तू कशाला मानायलीस?" सासूबाई जराही न बिचकता म्हणाल्या. "तू नको करू. काठ्या माज्या दुकानात व्हत्या, पूजा मी केली. ते जाऊ दे. निवड झाली का न्हाई?"

"झाली."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून, एखाद्या अडाण्याला समजवावं तसं, हात हलवला. "बगितलंस? तरी तू म्हणतीस मशीनला हात लावू नका. सगळ्यांच्या काठ्यांना एकदा लावलं. या पोरीच्या काठ्यांना मुद्दाम दोनदा लावलं, मुठीपस्तोर. तेल पाजल्याबिगर हत्यार चालतंय व्हय?"

मी तोंड उघडलं. खांबावर आपटलेली काठी, अप्पांचा चहा, परातभर बेसन, सगळं एकदम ओठांवर आलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या तळव्याला अजून बेसनाचा वास येत होता.

"हाव आजी," त्या म्हणाल्या. "लई चाललं. पार मांडवापर्यंत गेलं."